कापसाच्या खोलीतली कॅसेट

कापूस घरात आला की घराचा आवाज बदलतो. ज्यांच्या घरी कधी कापूस भरला नाही त्यांना हे सांगून पटायचं नाही, पण मी आपली सांगते.

दिवाळी झाली, वेचणीला जोर आला, की आमच्या नाचणगावच्या घरात मागची मोठी खोली रिकामी करायची, सारवून घ्यायची आणि तिच्यात कापूस टाकायचा. पहिल्या दिवशी खोली घुमत असते. गडवा हातातून पडला तर साऱ्या घराला कळतं. मग कापूस गुडघ्याएवढा होतो, कमरेएवढा होतो, आढ्याला टेकतो, आणि एक दिवस आपल्या ध्यानात येतं की घर गप्प झालंय. कोणी रागावलं नाही, कोणी गावाला गेलं नाही, तरी गप्प.

माझं माहेर आर्वीकडचं. आमचा मळा होता. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. माल रोज निघायचा आणि रोज बाजारात जायचा. घरात काही साठवून ठेवतात हेच मला ठाऊक नव्हतं. सत्तर साल उलटल्यावर कधीतरी मी या घरात सून म्हणून आले आणि पहिल्या वर्षी ती पांढरी खोली पाहून दारातच उभी राहिले. हात जोडावे की उडी मारावी, काही कळेना.

तिथं घरचे नियम होते. कापसाच्या खोलीत चप्पल न्यायची नाही, दिवा न्यायचा नाही, बिडी-आगपेटी तर नाहीच नाही. हे नियम माझ्या सासऱ्यांचे. मी त्यांना मामाजी म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात बाईमाणूस मी एकटी, आणि त्या काळात सासरा सुनेशी तोंडाला तोंड देऊन बोलत नसे. मग मामाजी काय करायचे? बैलाशी बोलायचे. "काय रे, आज जेवाले काही हाय का नाई?" हे बैलाला. मी आतून ताट वाढायची. "उद्या वर्ध्याचे सोयरे येऊन राह्यले बरं का," हेही बैलालाच. बैलानं काही विचारलं नाही तरी मी जास्तीचं पीठ भिजवायची. असं आमचं वर्षानुवर्षं चाललं.

मामाजी खंजिरीवर भजन म्हणत. काय आवाज होता! देवळात उभे राहून त्यांनी सूर लावला की पुलगावच्या रुळाकडं लोक म्हणत, आज नाचणगावात भजन दिसते. गाणं म्हणजे असं, हे त्यांचं पक्कं. आणि त्यांच्याच पोटी माझे धाकटे दीर. भाऊजींचा आवाज बारीक. बाईसारखा नव्हे, पण हलका. ओठातून निघाला की दोन हातांवर जाऊन विरायचा.

भाऊजींना गाण्याचं वेड होतं. त्यांची तिघा दोस्तांची पार्टी होती. भाऊजी बेंजो वाजवत. एक ढोलकवाला होता, जाडा, हसरा, बिडीबाज. आणि एक पुलगावच्या मिलमध्ये कामाला होता, त्यानं स्वतः गिटार केली होती. स्वतः म्हणजे स्वतः! सागवानाची फळी, सायकलच्या ब्रेकची तार उलगडून काढलेल्या तारा, आणि जळक्या मोटरीतली तांब्याची तार लोहचुंबकाला गुंडाळून तयार केलेलं काहीतरी. ते जुन्या मोठ्या रेडिओच्या पाठीत खुपसायचं, की रेडिओतून गिटार वाजायची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेडिओच्या मागं जाऊन पाहून आले.

लग्नात हे तिघं सिनेमाची गाणी वाजवत, गायला दुसरा कोणी दणदणीत आवाजाचा आणत. पण भाऊजींनी स्वतःची गाणी केली होती. एक आर्वीला जाणाऱ्या छोट्या आगगाडीचं होतं:

छोटी गाडी चालली हळू, तिले कोणाची घाई नाई,
उतरून खाली बोरं वेचली, तरी तिची शिटी वाजली नाई.

मी माहेरी त्याच गाडीनं जायची. खरंच तशीच होती ती. हे गाणं भाऊजींनी एकदा मांडवात म्हणून पाहिलं, तर मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, डास गाऊन राह्यला का तिथं?" सारा मांडव हसला. मामाजी पुढं बसले होते. ते अर्ध्या गाण्यातून उठले. घरी येऊन त्यांनी बैलाला सांगितलं, "गाणं म्हन्याचं त आवाज काढा म्हना. नाईतर चूप बसा."

त्या दिवशी भाऊजी चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, मले काही नाव कमवाचं नाई. बाबानं एक डाव माहं गाणं पुरं आयकावं. पुरं. मंग नाई आवडलं त मी बेंजो आढ्याले टांगून ठेवतो."

एवढीच त्यांची मागणी होती. पण ज्या माणसाचा आवाज रुळापर्यंत जातो, त्याला दोन हातांवर विरणारं गाणं कसं ऐकवायचं?

आता कापसाचं सांगते. खोली भरताना कापूस तुडवावा लागतो, नाहीतर मावत नाही. आमच्याकडं ते काम भाऊजींचं. एका दुपारी ते आत तुडवत होते आणि मी चहा घेऊन गेले. दाराशी उभी राहिले, आवाज नाही. वाटलं, झोपले की काय कापसात! म्हणून दार ढकलून डोकं आत घातलं.

आणि बाई, आत गाणं होतं.

दाराबाहेर काही नाही, आणि आत भरून गाणं. भाऊजी पाठमोरे, कमरेपर्यंत कापसात, पाय खालीवर करत म्हणत होते आणि ते माझ्या कानाशी बसून म्हणत आहेत असं वाटत होतं. शब्द सुटण्याआधी ओठ उघडल्याचा आवाज मी ऐकला. श्वास ऐकला. इतकी वर्षं एका घरात राहून मला या माणसाचा आवाज ठाऊक नव्हता! चहा तसाच हातात, त्यावर साय धरली.

"भाऊजी," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला नवा वाटला. त्याला शेपूट नव्हती. बोलले आणि संपलं. "भाऊजी, तुम्ही इथंच गा. दुसरीकडं कुठं गाऊच नका."

"अन् आयकन कोण? कापूस?"

पण दोस्तांना सांगितल्यावर गिटारवाला एकदम उठून बसला. त्याच्या नागपूरच्या मावसभावाकडं टेपरेकॉर्डर होता, सेलवर चालणारा. म्हणाला, "आपली कॅसेट काढू. आपलीच गाणी. सिनेमाचं एकबी नाई."

मामाजींना विचारायला भाऊजी गेले. मी आतून ऐकत होते. मामाजी बराच वेळ दावं वळत राहिले. मग म्हणाले, "बैलबंड्या भराच्या दिवसापोहोत खोली तुमची. कापूस मळाले नाई पाह्यजे. अन् गरम होते अशी एकबी चीज आत जाईन त पाय तोडतो."

इथंच घोडं अडलं. टेप सेलवर चालायचा, त्याचं काही नाही. पण गिटारीला तो मोठा रेडिओ लागे, आणि रेडिओ तापून असा होई की वर पापड भाजावा. तो कापसात कसा न्यायचा? मग त्यांनी तोड काढली. कापसाच्या खोलीला आणि माझ्या स्वयंपाकघराला मधे एक छोटी खिडकी होती. रेडिओ आणि गिटारवाला माझ्या चुलीकडच्या बाजूला, बाकी दोघं कापसात. गिटारीचा आवाज खिडकीतून आत जाईल.

आत त्यांनी कापूस उकरून सुगरणीच्या खोप्यासारखी जागा केली. खाली माझं जुनं लुगडं अंथरलं. टेपरेकॉर्डरलाही लुगड्याचा तुकडा गुंडाळला, तंतू जाऊ नयेत म्हणून. दाराशी मामाजी स्वतः उभे. "काढ आगपेटी." ढोलकवाल्यानं काढली. "दुसरी काढ." त्यानं कानकोंडं हसून कमरेची काढली. दोन्ही दाराबाहेरच्या दिवळीत, म्हणजे कोनाड्यात. मामाजी वावरात निघून गेले. ऐकायला थांबले नाहीत.

सुरुवात केली, तर नवीनच पंचाईत. आतलं गाणं गिटारवाल्याला ऐकूच येईना! कापूस सगळं पिऊन टाकायचा. खिडकीत कान घातला तर ऐकू येई, पण मग गिटार धरायची कशी? तेव्हा मी पुढं झाले. मी खिडकीत डोकं घालून ऐकायची आणि एक हात पाठीमागं ठेवून बोटांनी ताल दाखवायची. तो माझी बोटं पाहून वाजवायचा. मला ताल कोणी शिकवला नव्हता. पण भाकरी थापणाऱ्या हाताला शिकवायचं काय?

बांगड्या मात्र वाजायच्या. भाऊजी आतून म्हणाले, "वहिनी, बांगड्या आयकू येऊन राह्यल्या."

"मग काय काढून ठेवू? तुमचे दादा वर्ध्याला कचेरीत धडधाकट बसलेत!"

शेवटी बांगड्यांच्या मधे मधे कापूस भरला. दोन्ही हात पांढरे. शेजारची काकू डोकावून म्हणाली, "काय वं, भाजलं का हाताले?" मी मानेनंच नाही म्हटलं. तोंडानं बोलायची सोय नव्हती.

दुपारच्या दुपारी अशा गेल्या. गाणं रंगात आलं की ढोलकवाल्याच्या नाकात तंतू जायचा आणि तो असा शिंकायचा की पुन्हा पहिल्यापासून. "लेका, नाक घरी ठेवून येत जा!" भाऊजी म्हणायचे. आतला उकाडा सोसेना, दोघं घामानं निथळायचे, आणि तरी बाहेर आल्यावर एकमेकांकडं पाहून हसायचे. माझी भाजी कितीदा करपली. कोणी बोललं नाही.

बंड्या भरल्या गेल्या, कापूस पुलगावच्या बाजारात गेला, खोली पुन्हा घुमायला लागली. पण तोवर कॅसेट झाली होती. वर्ध्याला एक दुकानदार कॅसेटवरून कॅसेट भरून देई, त्याच्याकडून थोड्या काढून आणल्या. वरच्या कागदावर भाऊजींनी नावं लिहिली आणि प्रत्येकीवर डिंकानं चिमूटभर कापूस चिकटवला. दोन दिवसांत तो कापूस काळा पडला, ती गोष्ट वेगळी.

आता खरी परीक्षा. गावात सोयऱ्यांकडं लग्न होतं. मामाजी येणार, पुढं बसणार. पोरांनी ठरवलं की बाबाला ऐकवायची हीच जागा. त्यांनी कॅसेट भोंगेवाल्याच्या हातात दिली. भोंगा कडुनिंबावर टांगलेला, चार शिवारांत ऐकू जाणारा.

आता हसू येतं, पण तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्याकडं गाणं वाजवायचं म्हणजे भोंग्यावर, दुसरी रीतच नव्हती. कापसात बसून कानात सांगितल्यासारखं केलेलं गाणं त्यांनी कडुनिंबावरून ओरडायला लावलं. भोंग्यातून नुसती करकर आली. ढोलक तर कोणी रिकामं पोतं झटकतंय अशी. भाऊजींचा आवाज पार फाटला.

"भोंग्यात मुंगी अडकली का रे?" कोणीतरी म्हणालं.

"कोणाले ताप आला वाट्टे. कन्हून राह्यला."

नवरदेवाच्या मामानं भोंगेवाल्याला हाक मारली, "ते रडगाणं काढ बावा! लग्न हाय इथं!" मी बायकांत बसले होते. मला मामाजींची पाठ दिसत होती. त्यांनी शेला खांद्यावर टाकला आणि ते बैलांकडं निघून गेले. गाणं अर्ध्यावरच होतं.

भाऊजींनी घरी येऊन कॅसेट दिवळीत ठेवली आणि बेंजो खरंच आढ्याला टांगला. त्यानंतर ते वावरात जात, येत, जेवत, पण गुणगुणणं बंद. आमचे हे म्हणाले, "राहू दे, विसरेल." मला मात्र घर तसंच गप्प वाटायला लागलं, कापूस नसताना.

उन्हाळा आला. दुपारी आळीतल्या बायका आमच्या अंगणाकडच्या छपरीत शेवया करायला जमल्या. माझा लहानगा पाळण्यात झोपला होता. कोणीतरी म्हणालं, "वं, तुयाकडं तो टेप हाय ना? लाव ना काही." मावसभावानं टेप अजून परत मागितला नव्हता. माझ्याकडं कॅसेट एकच, दिवळीतली भाऊजींची. लावली. बाळ उठेल म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला, इतका की वाकून ऐकावं.

छोटी गाडी निघाली.

आधी बोलणं थांबलं. मग हात थांबले. शेजारची काकू पीठ धरून तशीच बसली. भिंतीपलीकडून गिटार दुरून येत होती, जशी गाडी वळणावर असताना येते. आणि भाऊजींचा आवाज छपरीत आमच्यामध्ये येऊन बसला. त्यात घोट गिळल्याचा आवाज होता. बोरं वेचायच्या ओळीला ते जरासे हसतात, तेही होतं. ते हसू मी खिडकीत डोकं घालूनही ऐकलं नव्हतं.

"कोण हाय वं हा?" एक नवी सून हळूच म्हणाली. "जसा जवळ बसून सांगून राह्यला."

"आमचे भाऊजी."

"जाय! ते मांडवातले? डासवाले?"

"चूप बस ना माय," काकू डोळे पुसत म्हणाली, "आयकू दे."

आणि तेव्हा माझी नजर फाटकाकडं गेली. मामाजी लवकर परतले होते. बैलाचं दावं हातात, फाटकाच्या आत एक पाऊल. बायकांची पाठ तिकडं होती, कोणाला दिसले नाहीत. एरवी बैल अंगणात शिरला की घंटी वाजायची, आम्ही पदर सावरून उठायचो. घंटी वाजली नाही. मी नीट पाहिलं. मामाजींनी बैलाच्या गळ्यातली घंटी मुठीत धरली होती.

उन्हात उभे होते. बैल मान हलवायचा, ते घंटी घट्ट धरायचे. ज्या माणसाचा आवाज रुळापर्यंत जायचा, तो माणूस एक घंटी वाजू नये म्हणून जपत होता. मी शेवयांचं पीठ हातात धरून बसले आणि मला बाकी काही ऐकू येईना, गाणंसुद्धा नाही. त्या मुठीकडंच पाहत राहिले.

गाणं संपलं. पुरं संपलं. मग मूठ सुटली, घंटी वाजली, बायका धडपडत उठल्या. "चाल रे, पाणी पे," मामाजी बैलाला म्हणाले.

संध्याकाळी मी भाऊजींना सांगितलं. "मामाजींनी ऐकलं. पुरं."

"कोण म्हन्ते?"

"मी पाहिलं. घंटी धरून उभे होते."

भाऊजी भाकरी मोडता मोडता थांबले. "मंग बोलले काऊन नाई? वहिनी, मले बरं वाटावं म्हनून तुमी कायले खोटं सांगता?"

मी काय पुरावा देणार? बैल तर माझ्याशी बोलत नव्हता.

कॅसेट मात्र चालायला लागली. बायकांच्या हातून. या घरातून त्या घरात, पदराखालून. भोंग्यावर कोणी लावली नाही. दुपारी, दार लोटून, बारीक आवाजात. एक लेक सासरी आर्वीला घेऊन गेली, तिकडं तिच्यावरून दुसऱ्या भरल्या गेल्या. माझ्या माहेरी गेले तर मळ्यात वांगी तोडणाऱ्या बाया तेच गाणं म्हणत होत्या, आणि त्यांना ते कोणाचं ते ठाऊक नव्हतं! मी टोपली धरून वाफ्यात उभीच राहिले. कापसातून निघालेलं गाणं, कुठून कुठं पोचलं. एकदा आर्वीकडची एक पोक्त बाई विचारत विचारत घरी आली. भाऊजी शेणाची टोपली घेऊन समोरून गेले. ती मला म्हणते, "हा? मले वाटलं कोणी बिमार मानूस असन. हा त हट्टाकट्टा हाय!"

भाऊजी हसले. पण बेंजो आढ्यालाच राहिला. बाबानं ऐकलं हे त्यांना पटलं नव्हतं, आणि बाकी कोणी ऐकलं तरी त्यांचं काम भागत नव्हतं.

दिवाळी झाली. वेचणी सुरू झाली. खोली सारवली. भाऊजी कापूस तुडवायला निघाले, तर मामाजी बैलाला म्हणाले, "अवंदा मी तुडवतो. त्याले सांग, वावरात जा म्हना."

एवढे वयस्क, गुडघे दुखणारे. पण रोज संध्याकाळी आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. भजन नाही, काही नाही. मी दाराशी कान लावून पाहिला. कापूस तसाही सांगणार थोडाच. शेवटची खेप टाकून झाली तेव्हा ते बाहेर आले, भुवयांवर तंतू, हातपाय झटकत. बैल तेव्हा गोठ्यात होता. अंगणात आम्ही तिघंच. मामाजींनी गोठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सूनबाई," ते म्हणाले, "पोट्ट्याईले बलाव. मधात जागा ठेवली हाय."

भाऊजींनी दार उघडलं. चारी बाजूंनी आढ्यापर्यंत कापूस, नीट तुडवून भिंतीसारखा केलेला, आणि मधे दोघं मांडी घालून बसतील एवढी मोकळी जागा. खाली स्वच्छ पोतं अंथरलेलं. माझ्या खिडकीपुढचा कापूस हातानं मागं सारलेला. भाऊजी आत गेले आणि कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोस्त आले. आगपेट्या दिवळीत गेल्या. बेंजो आढ्यावरून उतरला. मी बांगड्यांत कापूस भरत स्वयंपाकघरात आले, तर खिडकीत माझ्या आधीच कोणीतरी डोकं घालून बसलेलं. खांद्यावर शेला. गिटारवाला रेडिओपाशी अवघडून बसला होता, मला डोळ्यांनीच विचारत होता की आता काय करू.

मी दारातच थांबले. आत गाणं सुरू झालं असावं, कारण मामाजींचा उजवा हात हळूच पाठीमागं आला. खंजिरीवर पडणारी ती जाड बोटं पाठीवर ताल धरू लागली, अगदी हलकी, आवाज न करता. गिटारवाल्यानं बोटांकडं पाहिलं आणि तार छेडली.